वाकडं सप्तम

"वाजवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इथं?"

"मग कुठं? नाक इथं आहे, सनई पिशवीत आहे. वाजवा."

मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या देवळातले गुरव, चाळीस वर्षं लग्नामुंजीत सनई वाजवलेला माणूस. पण त्या तपासणीच्या खोलीत ते स्टुलावर असे अंग चोरून बसले होते, की बघणाऱ्याला वाटावं इंजेक्शन त्यांनाच द्यायचंय. मग मी सनई काढली, पत्ती ओठांत भिजवली आणि तोडी सुरू केली.

मिरजेच्या त्या दवाखान्यात, नाक-कान-घशाच्या ओपीडीत, सकाळी अकरा वाजता सनई वाजायला लागली. दार आधी बोटभर उघडलं, मग हातभर. कानात कापूस घातलेले, गळ्याला मफलर गुंडाळलेले पेशंट आत डोकावू लागले. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "आत कुणाचं लगीन लागायलंय?" डॉ. मगदूम मात्र कुणाकडेच बघत नव्हत्या. चिमट्यात कापसाचा बारीक पुंजका धरून त्या तो कधी माझ्या उजव्या नाकपुडीसमोर नेत होत्या, कधी डाव्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "उजवीकडे कापूस आत ओढला जातो. डावीकडे हलत पण नाही. आणि मान का कलवता?"

मला हसू आलं. हा प्रश्न आजवर मला कुणी केला नव्हता, सगळे त्याचं कौतुकच करायचे. वाजवताना माझी मान उजवीकडे झुकायची, डोळे अर्धे मिटायचे, आणि माणसं म्हणायची, पोरगा काय तल्लीन होतो बघा. एका लग्नाच्या व्हिडिओत तर नवरानवरीच्या हारांपेक्षा माझी कललेली मानच जास्त वेळ दिसत होती.

"तल्लीन होतो मॅडम मी," मी म्हणालो.

"तल्लीन नाही होत. श्वास घेता. तुमची डावी नाकपुडी आतून बंद आहे. मान कलवली की उजवी जरा जास्त मोकळी होते, म्हणून ती सवय लागली. किती वर्षं वाजवताय असं?"

"बारा."

"बारा वर्षं तुम्ही अर्ध्या नाकावर सनई वाजवताय."

आबांनी मान खाली घातली. माझ्या मानेचा विषय निघाला की ते नेहमीच खाली बघायचे. पोराला दृष्ट लागू नये म्हणून बघत असतील, अशी माझी समजूत होती.

आता मी मिरजेला कसा पोचलो ते सांगायला हवं. मी तसा नाकासमोर चालणारा माणूस, पण नाकच डावीकडे वळलेलं, त्यामुळे वाट जरा वाकडी झाली.

चौदाव्या वर्षी माझं नाक मोडलं. विटी लागली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मधला दांडा खाली बसला, टोक डावीकडे गेलं. शाळेत पोरं मला 'बशी' म्हणायची. मोठा झाल्यावर तोंडावर कुणी म्हणेना, पण मुलगी बघायला गेलो की आतल्या खोलीत बायका नाकं मुरडायच्या आणि त्यांचं कुजबुजणं मला पोह्यांबरोबर बाहेर ऐकू यायचं. अशी पाच स्थळं गेली. सहावं स्थळ हुपरीचं. मुलगी मंजुषा, अंगणवाडीत शिकवणारी. वडील नव्हते, सगळं तिचे मामा बघायचे. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं, पण सरळ बघितलं. चार दिवसांनी मामांचा होकार आला. लग्न वैशाखात धरायचं ठरलं.

होकार आल्यावर खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. स्टेजवर दोघं शेजारी उभं राहणार, समोर पाचशे माणसं, आणि त्यातल्या निम्म्या बायका म्हणणार, एवढी नाकीडोळी नीटस पोर या बशीच्या गळ्यात का बांधली. निदान त्या एका दिवसापुरतं तरी मला नाक हवं होतं.

म्हणून मी आबांना न सांगता कोल्हापूरला गेलो. 'बिनऑपरेशनचं सुंदर नाक' अशी पाटी मी येता-जाता वाचलेली होती. आतला डॉक्टर माझ्याच वयाचा, बोलायला मऊ. त्याने आरसा हातात दिला आणि समजावून सांगितलं, की नाकावरच्या खळग्यात जेलसारखं औषध सुईने भरायचं, अर्ध्या तासात नाक वर येतं, त्याच दिवशी घरी जायचं. वर्ष-दीड वर्षाने ते औषध हळूहळू अंगात विरघळून जातं, मग परत भरायचं.

"वाजवता येईल?" मी विचारलं.

"काय वाजवता?"

"सनई."

त्याने माझं नाक निरखून बघितलं. म्हणाला, "उजवी नाकपुडी बोटाने बंद करा आणि तोंड मिटून श्वास घ्या." मी घ्यायला गेलो आणि डोळे पांढरे व्हायची पाळी आली. त्याने सुईचा ट्रे बाजूला सारला.

"भरलं तर फोटोत छान दिसेल," तो म्हणाला. "पण वाकडं ते वाकडंच राहणार आणि बंद ते बंदच. त्यात तुमचं नाक आधी मोडलेलं. अशा नाकात औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, क्वचित डोळ्यावर जातं. मला नाही म्हणायला आवडत नाही, पण आधी मिरजेला दाखवून या." त्याने चिठ्ठी लिहून दिली. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा तो डॉक्टर मला त्या दिवशी अगदी शत्रू वाटला.

चिठ्ठी आबांच्या हाती लागली आणि ते मिरजेला बरोबर आले. असे आम्ही दोघं डॉ. मगदूम यांच्यासमोर बसलो होतो.

"दोन रस्ते आहेत," मॅडम म्हणाल्या. "इंजेक्शन म्हणजे नुसतं दिसण्यापुरतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ते टाळलं, बरं केलं. दुसरा रस्ता ऑपरेशनचा. तुमचा सेप्टम पूर्ण वाकडा झालाय. तो सरळ करायचा, हाड मोडून परत नीट बसवायचं, बरगडीजवळची थोडी कूर्चा घेऊन वरचा खळगा भरायचा. श्वासही सुधारेल, नाकही."

"सप्तम वाकडं हाय?" आबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. जन्मभर कानाशी सनई वाजल्यामुळे त्यांना जरा कमी ऐकू यायचं.

"हो, सेप्टम."

"जन्मापासनं?"

"थोडा वाकडा बऱ्याच जणांचा जन्मापासूनच असतो. यांचा फारच आहे."

आबांनी लांब उसासा सोडला. माझं तिकडे लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

"आणि सनई?" मी विचारलं.

"तीन महिने हात लावायचा नाही."

"त्यानंतर?"

मॅडमनी चष्मा काढला. "खरं सांगू? सनईवाल्याचं नाक मी आजवर केलेलं नाही. श्वास मोकळा होईल, हे मी सांगू शकते. वाजवणं पहिल्यासारखं येईल की नाही, हे मी नाही सांगू शकत."

सनईत सगळा खेळ दमाचा असतो. गालांत हवा साठवायची, ती पत्तीत सोडत असतानाच नाकाने नवी हवा आत ओढायची, आणि बाहेर ऐकणाऱ्याला मध्ये श्वास घेतल्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. माझा तो दम त्या वाकड्या नाकातूनच बसलेला होता. ते नाक सरळ झालं आणि दम गेला तर? मला दुसरं काहीच येत नव्हतं. बारावीत दोनदा आपटलेलो, शेती नाही, दुकान नाही. सनई गेली तर चेहऱ्याच्या मधोमध छान नाक घेऊन मी नुसता बसून राहणार होतो.

परतीच्या एसटीत आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाईनं बरोब्बर वळखलं बघ. आजवर एकाला जमलं नव्हतं." मी हुं म्हणालो.

तिसऱ्या दिवशी हुपरीहून मामांचा निरोप आला. जरा थांबू या, म्हणे. का, कशासाठी, काही नाही. माझ्या पायाखालची जमीन सरकली. नाक, दुसरं काय असणार. सहाव्याही घरी शेवटी नाकच आडवं आलं. दोन दिवस मी जेवलो नाही की कुणाशी धड बोललो नाही.

आणि मग दुपारी फोन वाजला.

"मी मंजुषा, हुपरीहून. एक विचारायचं होतं."

"विचारा."

"मिरजेच्या डॉक्टर पत्रिका पण बघतात का?"

मला काही समजेना. तीच सांगायला लागली. आबांनी म्हणे मामांना फोन केला होता. पोरीकडच्या माणसांपासून लपवून ठेवणं बरं नव्हे, म्हणाले. पोराचं सप्तम वाकडं आहे, मिरजेच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नाकात बॅटरी मारून बघितलं, जन्मापासूनचं आहे म्हणाल्या. सप्तम म्हणजे पत्रिकेतलं सातवं घर, लग्नाचं घर. मामांच्या तोंडचं पाणीच पळालं. ते माझी पत्रिका घेऊन दोन ज्योतिषांकडे जाऊन आले. एकाला काही सापडलं नाही. दुसऱ्याने डॉक्टरचं नाव ऐकलं आणि त्याला लगेच सापडलं.

"सेप्टम," मी म्हणालो. "सप्तम नाही हो, सेप्टम. नाकातला मधला पडदा."

ती हसायला लागली. इतकी हसली, की तिच्या मागे अंगणवाडीतली पोरंही कारण माहीत नसताना हसायला लागली. मीही हसलो. माझा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं.

"पण डॉक्टरांकडे गेलाच कशाला होता?" तिने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. सुईचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं.

"ते सुईचं औषध दीड वर्षात उतरतं?"

"हो."

"म्हणजे दीड वर्षाने मी परत दुसराच माणूस बघायचा?"

"परत टोचून घेता येतं."

"दर दीड वर्षाला नवरा नवा करायचा. बरं आहे." आणि मग, "घोरता का?"

"आबा म्हणतात, घोरतो."

"तरीच आबा मिरजेपर्यंत बरोबर आले."

मला तिची गंमत आवडत होती, पण पोटात होतं ते बाहेर आलंच. "ऑपरेशन केलं आणि वाजवता आलं नाही तर?"

ती लगेच बोलली नाही. मला ते बरं वाटलं. लगेच काही तरी गोड बोलली असती तर मी विश्वास ठेवला नसता.

"ते मला कसं सांगता येईल?" ती म्हणाली. "पण एक सांगते. नाक मी पहिल्याच दिवशी बघितलंय. बघून हो म्हटलंय. माझ्यासाठी करणार असाल तर सुई पण नको आणि ऑपरेशन पण नको. तुमच्यासाठी करणार असाल तर श्वासाचं करा. मामांना मी समजावते. लग्न ज्येष्ठात करू, काय बिघडतंय?"

आज पंधरा वर्षं झाली या फोनला. अजूनही घरात भांड्याला भांडं लागलं, की मंजुषा म्हणते, तरी मामा सांगत होता, सप्तम वाकडं आहे.

माझं ठरलं. आबांचं मात्र ठरेना. सप्तमाचा घोळ कळल्यावर ते ओशाळले, मामांना फोन करून दोनदा माफी मागितली, पण ऑपरेशन म्हटलं की एकच धोशा. "मोडून परत बसवणार म्हंजे पुन्हा मोडणारच की. मी सही करणार न्हाई."

"आबा, नाक माझं आहे."

"दम गेला म्हंजे? बारा वर्सं बसवलेला दम हाय तो."

"गेला तर गेला. मला श्वास घ्यायचाय."

"घेतोयस की इतकी वर्सं."

आमचं बोलणं बंद झालं. दवाखान्यात नातेवाइकाची सही लागतेच असं सांगितलेलं, आणि माझी आई मी लहान असतानाच गेलेली. दाखल व्हायच्या दिवशी मी पिशवी घेऊन निघालो, तर आबा आधीच एसटी स्टँडवर येऊन उभे. हातात डबा. एसटीत शेजारी बसले, आणि मिरज येईपर्यंत तो डबा मांडीवर घट्ट धरून होते.

वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टर केसपेपर लिहीत होती. नाव, वय, अ‍ॅलर्जी, मग म्हणाली, "नाकाला दुखापत कधी आणि कशाने?" मगदूम मॅडम शेजारच्या खाटेपाशी होत्या.

"चौदाव्या वर्षी. विटी लागली," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं पाठ होतं, की झोपेतही बोललो असतो.

"विटी न्हाई," आबा म्हणाले.

शिकाऊ डॉक्टरने मान वर केली. मी आबांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो सोडवून घेतला.

"विटी न्हाई, बाई. मी मारलं."

मॅडम तिकडून इकडे आल्या. आबा त्यांच्याकडे न बघता जमिनीकडे बघून बोलत होते, पण शब्द स्वच्छ होते. सनईच्या ताफ्यात एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा त्याच्यामागे एकच सूर अखंड धरून ठेवतो. सूर तुटला की सगळं तुटतं. शिकणाऱ्या पोराला आधी हेच काम देतात. त्या सकाळी देवळात मी सूर धरला होता. उत्सवाचा दिवस, परगावची माणसं आलेली, आणि माझा सूर तीनदा तुटला. माझं लक्ष बाहेर पोरांच्या खेळाकडे होतं. तिसऱ्यांदा तुटला आणि आबांनी हातातल्या सनईचं पितळी तोंड माझ्या तोंडावर हाणलं.

"मला वाटलं गालावर लागंल," आबा म्हणाले. "नाकावर बसलं. रगात बघून मीच घाबरलो. लोकास्नी सांगितलं, विटी लागली. पोरगं पन तेच सांगत आलं. मला वाटलं, तेला आता आठवत नसंल."

मला आठवत होतं. त्या दिवसानंतर आबांनी मला कधीच सूर धरायला बसवलं नाही, थेट गाणं वाजवायला शिकवलं, सूर धरायला चुलतभाऊ आणला, हेही मला दिसत होतं. मी विटी म्हणत राहिलो, कारण मला वाटलं, आबा विसरलेत तर कशाला आठवण द्यायची. एकच खोटं आम्ही दोघांनी बारा वर्षं दोन बाजूंनी धरून ठेवलेलं, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला जपतोय. लोक माझ्या कललेल्या मानेचं कौतुक करत होते, तेव्हा हा माणूस खाली का बघत होता, ते मला त्या खाटेवर बसून कळलं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आला. पण त्याच्या मागोमाग इतकं मोकळं वाटलं, की डोळ्यांत पाणीच आलं.

मगदूम मॅडमनी खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या, "लिहून घे, उजवीकडून बोथट मार." मग आबांना म्हणाल्या, "सांगितलंत ते चांगलं झालं. हाड कुठल्या बाजूने बसलंय ते स्कॅनमध्ये दिसत होतं, विटीशी ते जुळत नव्हतं."

"बाई, तुमी परत मोडणार म्हणता," आबा म्हणाले. "एकदा माझ्या हातनं मोडलंय. आता सही करून परत मोडायला लावू?"

"काका, ते मोडणं वेगळं होतं," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर ते कुणी बसवलं नाही. आता बसवायचं राहिलंय तेवढंच करतोय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या नाकाकडे सरळ बघत होते.

"करा सही आबा," मी म्हणालो. "मला राग हाय तुमचा. पण तो मी घरी जाऊन काढतो."

त्यांनी सही केली. त्यानंतर डबा उघडला आणि ऑपरेशनच्या आधी मला काही खाता येणार नाही हे कळल्यावर स्वतःच सगळी भाकरी खाल्ली. सकाळपासून ते उपाशी होते.

आठव्या दिवशी पट्टी निघाली. डोळ्यांखाली जांभळं झालेलं, नाक उकडलेल्या बटाट्यासारखं सुजलेलं, पण बटाटा सरळ होता. मॅडमनी नाकातल्या पट्ट्या काढल्या आणि डावीकडून स्पिरिटचा असा गार वास आत आला, की मी विचारलं, "खिडकी उघडली का?" सगळे हसले. खिडकी बंद होती.

तीन महिने सनई पेटीतच राहिली. त्या लग्नसराईतल्या सुपाऱ्या आबांनी चुलतभावाला सुरावर घेऊन वाजवल्या. मी मागे बसून ऐकायचो. लग्नाला दोन आठवडे राहिले तेव्हा मॅडमनी परवानगी दिली.

आणि सनई वाजेना.

वाजत होती, पण माझी नव्हती. दोन्ही नाकपुड्या उघड्या, हवा एकदम ढीगभर आत यायची, गालातली निसटायची, सूर फाटायचा. मान आपोआप उजवीकडे जायची आणि तिकडे गेल्यावर काही उपयोग व्हायचा नाही. आठ दिवस मी रोज बसलो. आठव्या दिवशी सनई पेटीत टाकली आणि आबांना म्हटलं, "गेला दम. तुम्ही म्हणत होता तसंच झालं."

मला वाटलं ते म्हणतील, सांगत होतो मी. ते म्हणाले, "उद्या सकाळी देवळात ये. सूर धर."

"मी?"

"मग कोण? शिकताना आधी सूरच धरायचा आसतो. तुझा राहिलाय."

सकाळी देवळात आम्ही दोघंच होतो. आबांनी तोडी घेतली. मी मागे बसलो आणि सूर लावला, एकच, सरळ. पहिल्या श्वासाला मान कलायला लागली. आबांनी वाजवता वाजवता मागे वळून नुसतं बघितलं. मी मान सरळ केली. हवा दोन्हीकडून आत आली, गाल थरथरले, पण सूर तुटला नाही. दुसरा श्वास आला. तिसरा आला. नंतर मी मोजायचं सोडून दिलं. आबांची तोडी माझ्या सुरावर टेकून वर चढत होती, खाली उतरत होती, आणि माझ्या छातीवरून कुणी तरी मोठं गाठोडं उतरवून ठेवल्यासारखं मला हलकं वाटत होतं.

आबांनी गाणं संपवलं. सनई मांडीवर ठेवली, उपरण्याने डोळे पुसले. सूर चालूच होता.

"सोड आता," ते म्हणाले. "माझं संपलं."

मी मानेनेच नाही म्हटलं आणि सूर धरून राहिलो. श्वास भरपूर होता.